आमदारसाहेब, आम्हाला वाचता येईल असे सांगा

संतपूर होबळीच्या गावांत मराठी कोठे कोठे चालते, याची यादी करू गेले तर कागद पुरणार नाही. बाजारात भाव मराठीत ठरतो. लग्नाची पत्रिका मराठीत छापली जाते. सप्ताहाचा फलक मराठीत लागतो, बांधावरचे भांडण मराठीत होते आणि ते मिटवायला बसलेले पंचही मराठीतच समजूत घालतात. निवडणूक लागली की उमेदवारांनाही मराठीची अडचण राहत नाही. हात जोडून दारात उभे राहिलेल्या माणसाला मतदाराची भाषा कोणती हे बरोबर कळते.

मराठी कोठे चालत नाही, ती यादी मात्र छोटी आहे आणि तीच आपल्याला महागात पडते. पंचायतीचा सूचनाफलक, तहसीलची नोटीस, पहाणीचा कागद, पीकविम्याच्या मुदतीची जाहिरात, आणि निवडून गेलेल्या प्रतिनिधीने आपल्यासाठी काय मागितले व काय आणले हे सांगणारा कागद. हा शेवटचा कागद गावात आलाच तर कन्नडमध्ये येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

भाषा विशेषांक काढायचा म्हणजे भाषेची थोरवी गायची, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आम्हालाही आनंद झाला. परंतु त्या दर्जाने संतपूरच्या शेतकऱ्याच्या हातातील नोटिशीवरचे एक अक्षरही बदललेले नाही. म्हणून या अंकात आम्ही थोरवी बाजूला ठेवून एक साधी गोष्ट मागणार आहोत. आमच्या आमदाराने आम्हाला सरकारी योजना, मुदती आणि आपले काम नियमितपणे मराठीत लिहून कळवावे.

ही मागणी किरकोळ वाटेल. ती किरकोळ का नाही, हे पीकविम्याच्या उदाहरणावरून पाहू. प्रधानमंत्री फसल विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. खरिपाला शेतकऱ्याने विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता भरायचा, एवढे बहुतेकांना माहीत आहे. कारण हप्ता भरून घेणारा माणूस ते सांगतो. पण गारपीट झाली, शेतात पाणी तुंबले, किंवा काढून रानात पसरलेले सोयाबीन अवकाळी पावसात भिजले, तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. काढणीनंतरच्या नुकसानीची ही सोय काढणीपासून फक्त १४ दिवसांपर्यंतच असते. हे ज्या कागदावर छापलेले असते तो कागद आपल्याला वाचता येत नाही. मग पावसानंतरचा पहिला दिवस भिजलेले पीक उलटेपालटे करण्यात जातो, दुसरा दिवस शहाण्या माणसाला विचारण्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी तो शहाणा माणूस बीदरला गेलेला असतो. हप्ता वसूल करताना भाषा आड आली नाही, भरपाई देताना आली. दोन टक्के भरूनही कोरडे राहायचे, याला नशीब म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे.

दुसरे उदाहरण नोकरीचे आणि शिक्षणाचे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ जे आले. पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांना त्याचा लाभ आहे आणि त्यात बीदर व कलबुर्गी ही दोन्ही जिल्हे येतात. या भागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा इथल्या मुलांना, राज्यात इतरत्र आठ टक्के. स्थानिक सरकारी पदांतही ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत राखीव वाटा. यात मातृभाषेची कोणतीही अट नाही. जन्माने किंवा वास्तव्याने इथला असला म्हणजे झाले. संतपूरचा मराठी मुलगा बेंगळूरच्या मुलापुढे या कलमाच्या बळावर उभा राहू शकतो. परंतु त्यासाठी उपविभागाच्या सहायक आयुक्तांकडून पात्रतेचा दाखला काढावा लागतो आणि तो अर्जाच्या आधी हातात असावा लागतो. ज्या घरात कन्नड वाचणारे कोणी नाही, त्या घरातला मुलगा अर्जाच्या शेवटच्या दिवशी दाखल्याची चौकशी करतो. हक्क घटनेने दिला आणि बातमीअभावी गेला. (आमचा अंदाज आहे की या तालुक्यात ३७१ जे चे नाव सर्वांनी ऐकले आहे. त्याचा दाखला कोठे मिळतो हे सांगणारे मात्र हाताच्या बोटावर मोजण्याइतके निघतील.)

‘सकाल’चेही तसेच. सरकारी कामाला ठरावीक मुदत घालून देणारा कर्नाटकाचा हा कायदा २०११ चा. २ एप्रिल २०१२ पासून तो राज्यभर लागू झाला. त्याआधी मार्च महिन्यात तो ज्या चार तालुक्यांत प्रयोगादाखल सुरू करण्यात आला, त्यांत धारवाड, चित्रदुर्ग आणि पुत्तूर यांच्या बरोबरीने आपले औराद होते. म्हणजे राज्याच्या आधी आपल्याला हा हक्क मिळाला. अर्ज दिला की पोच आणि क्रमांक घ्यायचा. मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते, आणि ती कसूर करणाऱ्या नोकराच्या पगारातून कापली जाते. पोच न घेता अर्ज टेबलावर ठेवून येणारे आणि मग महिनोन् महिने हेलपाटे घालणारे आजही प्रत्येक गावात आहेत. राज्यात पहिला आलेला तालुका आपल्याच हक्काबाबत अडाणी राहिला, हे कोणाला भूषण नाही.

२०२३ मध्ये आलेल्या योजना लोकांपर्यंत त्या मानाने लवकर पोहोचल्या. बायाबापड्यांना बस फुकट झाली ती ११ जूनला आणि आठवड्याभरात सगळ्या गावाला कळली, कारण ती डोळ्यांना दिसते. गृहलक्ष्मीचे दोन हजार रुपये मात्र रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे तिलाच मिळतात. या एका ओळीवरून किती घरांत सासू-सुनेचे रुसवेफुगवे झाले, ते विचारू नका. सीमेपलीकडून, उदगीर-देगलूरकडून आलेल्या सुनांची नावे कार्डावर चढवायची तर आधी माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याचा कागद, मग आधारवरचा पत्ता, मग इकडचा अर्ज. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या लिपीत आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे अधिकाऱ्यांचे काम आहे, यात आमदाराचा काय संबंध? संबंध आहे. तालुक्याच्या विकासकामांचा आढावा घेणारी बैठक आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. बगर हुकूम जमिनी कसणाऱ्यांचे अर्ज ज्या समितीपुढे जातात, तिथे आमदाराचा शब्द चालतो. घरकुलांच्या यादीचेही तेच. शिवाय आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला दोन कोटींचा निधी असतो आणि कल्याण कर्नाटक विकास मंडळाचा पैसा कोठे पडावा याविषयीही त्याचे म्हणणे ऐकले जाते. म्हणजे गावातील रस्ता, वर्गखोली, समाजमंदिर, पाण्याची टाकी आणि गरिबाच्या दोन एकरांचा कागद, या सगळ्यावर ज्या एका माणसाची नजर असते, तो आमदार. त्याला जे ठाऊक असते ते मतदाराला ठाऊक नसेल, तर मग ते कोणाला ठाऊक असते? त्याच्या गाडीत बसणाऱ्या चार जणांना. गावात एजंट याच फटीतून तयार होतो. बगर हुकूमचा अर्ज भरायचे इतके, दाखल्याचे इतके, यादीत नाव आहे की नाही हे नुसते बघून सांगायचे इतके. कन्नड वाचता येणे हाच ज्याचा धंदा, तो मराठीत पत्रक निघावे म्हणून कधी खटपट करणार नाही.

औराद मतदारसंघ २००८ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि तेव्हापासून २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ या चारही निवडणुकांत प्रभू चव्हाण निवडून आले. मधल्या काळात, २०१९ ते २०२३, ते राज्याचे पशुसंगोपन मंत्रीही होते. इतकी वर्षे एकाच माणसाला सलग निवडून देणाऱ्या मतदारांचा त्याच्यावर काही हक्क साठत असतो, तो आम्ही येथे मागत आहोत. परंतु ही मागणी एका व्यक्तीपुरती किंवा एका पक्षापुरती नाही. भालकी, बसवकल्याण, आणि कलबुर्गीकडे आळंद, जेथे जेथे मराठी गावे आहेत तेथील प्रत्येक लोकप्रतिनिधीला, आज जो आहे त्याला आणि उद्या जो येईल त्यालाही, ती लागू आहे.

आता एक गोष्ट आपण आपापसांत नीट समजून घेतली पाहिजे. आपली खरी अडचण बोलण्याची नाही. या मातीतला माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड समजतो, कचेरीत उर्दू-हिंदीवर निभावून नेतो, आणि तांड्यावर लमाणीही त्याच्या कानावरून जाते. सरकारी कन्नड तर कानाला इतकी परकी नाहीच. अर्जी, दाखले, तालूकू, जिल्ले, खाते, जमीनू, विमे. हे शब्द ऐकले तर कोणता मराठी माणूस अडेल? ज्या कागदाला सारा कर्नाटक पहाणी म्हणतो तो शब्दच मुळी आपला आहे, आणि बगर हुकूम हा निजामी दप्तराचा, तोही आपल्या आजोबांच्या तोंडचा. माणूस अडतो तो अक्षरापाशी. वाचून दाखवले तर निम्मे कळते, हातात दिले तर काहीच कळत नाही. म्हणून देवनागरीत छापलेले एक पान आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस, एवढ्यावर पुष्कळसे काम भागते. त्यासाठी मोठा खर्च किंवा नवा कायदा लागत नाही.

कायदा तर आहेच. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला आपली तक्रार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. म्हणजे संतपूरच्या माणसाने मराठीत दिलेला तक्रारअर्ज केवळ भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. (उत्तर मराठीतच मिळावे असे मात्र त्या कलमात म्हटलेले नाही, हेही लक्षात ठेवावे.) १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली, पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त. पुढे १९६१ मध्ये सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की, जेथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाची वस्ती १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाचे कायदे, नियम, सूचना त्या भाषेतही छापाव्यात. यात कर्नाटक, म्हणजे त्या वेळचे म्हैसूर राज्य, सामील होते. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की सरकारने आपणहून द्यायची माहिती स्थानिक भाषेचा विचार करून प्रसृत करावी. इतके सारे दप्तरात असताना आपण पंचायतीच्या फळ्यासमोर उभे राहून कोणीतरी वाचणारा भेटेल याची वाट पाहतो.

भाषांतर करणारे कोठून आणायचे, हा प्रश्न अधूनमधून टाकला जातो. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके स्वतः छापते, दहावीची प्रश्नपत्रिका मराठीत काढते. भूमितीचे प्रमेय ज्यांना मराठीत आणता येते त्यांना पीकविम्याची मुदत आणता येणार नाही, असे कोण म्हणेल? गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली. त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली आणि तिथे त्यामुळे आकाश कोसळले नाही. अमेरिकेसारख्या देशात १९७५ पासून असा नियम आहे की, एखाद्या भागात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त लोक वेगळ्या भाषेचे असतील तर मतदानासंबंधीची माहिती त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. 

कन्नडच्या द्वेषातून आम्ही हे लिहीत नाही. उलट आमच्या मुलांनी कन्नड चांगली शिकावी, लिहावी, तिच्यात परीक्षा द्याव्यात असे आमचे मत आहे; राज्याच्या नोकरीला तिच्यावाचून दार उघडत नाही आणि बसवण्णांच्या कल्याणची भाषा आपल्याला परकी असण्याचे कारण नाही. पण नातू कन्नड शिकेपर्यंत आजोबांनी विम्याशिवाय राहावे काय? आणि नियम दोन्हीकडे सारखा हवा. अक्कलकोट आणि जत भागातील कन्नड भाषकांना महाराष्ट्राने त्यांच्या भाषेत माहिती दिली पाहिजे, हे आम्ही आज जितके जोरात आपल्यासाठी म्हणतो तितक्याच जोरात त्यांच्यासाठीही म्हणतो.

सीमाप्रश्नाशी या मागणीची गाठ मारण्याचा प्रयत्न होईल, याची आम्हाला कल्पना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. अहमदपूर, निलंगा, उदगीर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, औरादसह आपण म्हैसूरमध्ये राहिलो. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ चा. त्या दाव्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, जो कोणी आपला आमदार असेल त्याने आपल्याला कळेल असे सांगावे, यासाठी सीमा एक इंचही हलवावी लागत नाही. खरे म्हणजे महाराष्ट्राकडूनही आपल्याला नीट माहिती कोठे मिळते? २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचे त्या सरकारने जाहीर केले. बेळगावात त्यावरून बराच वाद झाला. आपल्याकडे मात्र आपले गाव त्या यादीत आहे की नाही, कोणता कागद घेऊन कोणत्या रुग्णालयात जायचे, हे सांगायला ना इकडचे कोणी आले ना तिकडचे.

या भागाने याहून वेगळा काळ पाहिला आहे. १९५२ साली निवडून आलेल्या हैदराबाद विधानसभेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे प्रतिनिधी एकाच छताखाली बसत. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि १९५७ साली औरंगाबादेतून. एकाच माणसाला कन्नड मुलखाने निवडून दिले आणि मराठी मुलखानेही. लोकांच्या भाषेत जाऊन बोलणे ही तेव्हा प्रतिनिधीची रोजची सवय होती. कोणी तिला सवलत म्हणत नसे.

मागणी आम्ही मोघम ठेवू इच्छित नाही. महिन्याला एक पान, एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी. प्रत्येक पंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानात, दूध संकलन केंद्रावर आणि मराठी शाळेच्या भिंतीवर ते लागावे. ग्रामसभेच्या दिवशी ते वाचून दाखवावे. आमदारनिधीतून कोणत्या गावात कोणते काम मंजूर झाले, रक्कम किती, ठेकेदाराला काम कधी दिले, हे त्यात असावे. विधानसभेत तालुक्याविषयी कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, तेही दोन ओळींत यावे. प्रश्न विचारला नसेल तर तसे लिहावे.

आणि वाचकहो, आपल्याकडेही काम आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, तो कार्यवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. तक्रारअर्ज मराठीत द्या, खाली ३५० वे कलम लिहा, पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. जनगणनेचा माणूस दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात तो काय लिहितो ते डोळ्यांनी पाहा. १५ टक्क्यांचा हिशेब त्या रकान्यावरून होतो आणि घाईत भरलेला रकाना दहा-दहा वर्षे बदलत नाही.

पहिल्या पानासाठी मजकूर आम्हीच सुचवतो. खरिपाच्या पीकविम्याची शेवटची तारीख, ७२ तासांत नुकसान कळवायचे ठिकाण, ३७१ जे च्या दाखल्याला लागणारे कागद आणि बगर हुकूम समितीच्या पुढच्या बैठकीचा दिवस. कन्नड मजकूर आमदार कार्यालयाने पाठवला तर त्याचे मराठी करून देण्याचे आणि ते या दैनिकात विनामूल्य छापण्याचे आम्ही कबूल करतो.